शब्द पाठ झाले, पण वापरायचे कुठे?

शाळा सुरू व्हायच्या सुमारास नागपूरच्या बर्डीवरून वह्या, कंपास, दप्तर यांच्यासोबत आणखी एक पुस्तक घरी येतं, नॉर्मन लुईसचं ‘वर्ड पॉवर मेड ईझी’. पुस्तक नावाजलेलं आहे. पण १९४९ साली ते आलं मोठ्या माणसांसाठी, आणि आपण ते सहावीतल्या लेकराच्या हातात देऊन म्हणतो, रोज दहा शब्द पाठ झालेच पाहिजेत.

असं का करतो, हे आपल्याला ठाऊक आहे. आपल्यातले कित्येक जण मराठी शाळेतून आलेले. पहिल्या मुलाखतीत, ऑफिसच्या मीटिंगमध्ये सांगायचं खूप होतं, पण इंग्रजीत तोंडच उघडेना. ते अजून खुपतं. पोरावर तशी वेळ येऊ नये, एवढीच तर धडपड. त्यात दिवसभर दमून आल्यावर कुकर लावता लावता अभ्यास घ्यायचा, मग यादी पाठ करून घेणंच सोपं वाटतं.

पण लेकराकडे बघा. घरात मराठी, खाली खेळायला गेलं की हिंदी, सेमी-इंग्रजीच्या वर्गात गणित-विज्ञान इंग्रजीत. तीन भाषांत ते दिवसभर ये-जा करतं. सोमवारी पाठ केलेला शब्द गुरुवारी आठवला नाही की त्याला वाटतं, आपण ढ आहोत. तसं नसतं हो. शब्द आपला व्हायला तो निरनिराळ्या ठिकाणी पुन्हा पुन्हा भेटावा लागतो. यादीत तो एकदाच भेटतो, तोही एकटा.

आपला कूलरच घ्या. विज्ञानातलं ‘इव्हॅपोरेशन’ मुलांना जड जातं, पण मे महिन्यात कूलरच्या टाकीत पाईप सोडायचं काम बऱ्याच घरांत त्यांच्याकडेच असतं (आधी कूलर बंद केलाय ना, हे आपण बघायचं). ओल्या खसमधून गरम हवा आत येते, पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता जाते, म्हणून गार लागतं. हे तिथेच उभं राहून मराठीत बोला, मग इंग्रजी शब्द सांगा. पावसाळा लागला की त्याच कूलरने चिपचिप होते. का बरं? हवेत आधीच ओलावा भरलेला, पाणी उडणार कसं? इथे ‘ह्युमिडिटी’ येते, आणि पाठ न करता राहते.

घरी नागपुरात १९११ पासून निघणारा इंग्रजी ‘हितवाद’ येत असेल, तर वाघाची एखादी बातमी सोबत वाचा. शाळेतला ‘कॉरिडॉर’ पोरांना माहीत असतो. पेंच-कान्हामधल्या वाघांच्या वाटेलाही तोच शब्द का, हे त्यांना विचारा आणि जरा थांबा.

मला सगळ्यात मोलाचे वाटतात ते मनातलं सांगायचे शब्द. संघात निवड झाली नाही म्हणून मूल घरी येतं, ‘आय ॲम सॅड’ म्हणतं आणि गप्प होतं. ते हिरमुसलंय, चिडलंय, की मित्राचा हेवा वाटतोय? मराठीत हे वेगवेगळं ओळखता आलं, तर ‘डिसअपॉइंटेड’ आणि ‘जेलस’ यांतला फरक त्याला फार समजवावा लागत नाही. म्हणून रात्री मराठी गोष्ट वाचली तर इंग्रजीचा वेळ वाया गेला, असं मनात आणू नका.

आणखी एक. वाचणाऱ्या मुलाचे उच्चार चुकतातच, कारण वाचलेला शब्द त्याने कधी ऐकलेलाच नसतो. चारचौघांत टोकलं, कुणी हसलं, की ते तो शब्द सोडून सोपा वापरतं. त्याचं वाक्य पुरं होऊ द्या. थोड्या वेळाने आपल्या बोलण्यात तोच शब्द नीट उच्चारा. आपल्यालाच उच्चार येत नसेल, तर मोबाईलवर दोघं मिळून ऐका. आई-बाबांनाही शब्द शोधावे लागतात, हे दिसलं की त्याच्या मनावरचा ताण पुष्कळ उतरतो.

आणि पाहुणे आले की ‘काकांना इंग्रजीत सांग बरं’ म्हणणं या दिवाळीपासून बंद करू या. काकांना शाळेतली गंमत मराठीत ऐकायलाही आवडेल.