दोघांना एकाच घरी दे

गिरगाव

चि. सोनूस,

काल वहिनीचा फोन आला होता. बोलता बोलता म्हणाली, "सोनूच्या मांजरांचं जमलं एकदाचं. बोका ठाण्याला चाललाय आणि भाटी मुलुंडला." तेव्हापासून मला चैन नाही. फोनवर बोलायला लागले तर तुला नुसती ओरडत राहीन, म्हणून पत्र लिहायला बसले.

दिवाळी झाली की तुला बंगलोरला हजर व्हायचंय. घाई आहे, कळतं मला. दादाचा दमा आहे, त्याच्या गळ्यात ती दोघं मारता येणार नाहीत, हेही कबूल. पण खारू आणि चिंगीची ताटातूट करू नकोस गं.

वहिनी आणखी एक बोलली. तुमचा वॉचमन म्हणे तयार आहे, कुणी नाही नेली तर सिटीलाइटच्या मासळीबाजारात सोडून येतो, तिथं त्यांचं पोट भरेल. आणि तू त्याला "बघू" म्हणालीस. हे खरं असेल तर मला तुझा राग आलाय, स्पष्ट सांगते. बाजारातल्या बोक्यांच्या हद्दी ठरलेल्या असतात. गादीवर झोपलेलं, हातानं भरवलेलं पिल्लू तिथं पहिल्याच रात्री मार खातं, नाहीतर टेम्पोखाली जातं. पाळलेलं जनावर असं उपाशी मरायला सोडून देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. पण तुला कायदा कशाला सांगू? गांधी मार्केटपाशी पाणी तुंबलं होतं तेव्हा गुडघाभर पाण्यातून ती दोन भिजकी पिल्लं ओढणीत गुंडाळून आणणारी तूच ना? तेव्हा एकाला उचलून दुसऱ्याला मागे ठेवावंसं वाटलं होतं का?

गणपतीत मी तुमच्याकडे होते, तेव्हा सगळं पाहिलंय. चिंगीचा डोळा चिकटला म्हणून तू तिला एकटीला डॉक्टरकडे नेलंस. तेवढा वेळ खारू दाराच्या फटीला नाक लावून बसला होता. मी सुकट घातलं तर हुंगलंसुद्धा नाही. ती परत आली तर आधी तिच्यावरच फिस्कारला, तिच्या अंगाला दवाखान्याचा वास होता ना. मग तिची मान पंजानं दाबून धरली आणि कानामागून शेपटीपर्यंत चाटून चाटून तिला पुन्हा आपल्या वासाची करून घेतलं. त्यानंतर दोघं एकाच ताटलीत जेवली. सगळी भावंडं अशी नसतात. काही मांजरं एका घरात राहून एकमेकांकडे ढुंकून बघत नाहीत, त्यांना वेगळं दिलं तर फारसं बिघडत नाही. ही दोघं तशी नाहीत, आणि हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

"आत्या, दोन कुणी घेत नाही गं," असं तू म्हणशील. घेतात. त्यांना नीट समजावून सांगावं लागतं. या वयाचं एकटं पिल्लू माणसाच्या हातापायांना चावतं, पडदे फाडतं, रात्री दोन वाजता ओरडून घर उठवतं. चावा किती जोरात घ्यायचा हे त्याला भावंडाच्या ओरडण्यावरून कळतं, माणसाच्या रागावण्यावरून नाही. दोन असली की आपसात मस्ती करून दमतात आणि झोपतात. दिवसभर कामावर जाणाऱ्या नवरा-बायकोला एकापेक्षा दोन सोपी पडतात. ठाण्याच्या माणसांना हे सांगितलंस का? मुलुंडवाल्यांना? की त्यांनी "एकच हवं" म्हटलं आणि तू लगेच मान डोलावलीस?

आमच्या चाळीत आईच्या मनीला दोन पिल्लं झाली होती. एक लालबागला मावशीकडे गेलं, एक माझगावला. लालबागचं पिल्लू जिन्यात बसून रडायचं, खायचं नाही, आणि एक दिवस दिसेनासं झालं. मावशी म्हणाली, मांजराची जात, गेली कुठंतरी. मी दहावीत होते. दोघांना एकत्र द्या, एवढं एक वाक्य तोंडाशी आलं होतं, पण मोठ्यांपुढे बोलायची रीत नव्हती. आज इतक्या वर्षांनी ते वाक्य तुला लिहितेय.

आता कामाचं ऐक. दोघं पाच महिन्यांची होत आली. भाटी चार-पाच महिन्यांत माजावर येऊ शकते आणि मांजरांना भाऊबहीण कळत नाही. त्यानंतर नऊ आठवड्यांत पिल्लं. म्हणून द्यायच्या आधी दोघांची नसबंदी करून घे, घेणाऱ्यावर सोडू नकोस. परळचं बैलघोडा हॉस्पिटल तुझ्यापासून टॅक्सीनं जवळ आहे. दिनशॉ पेटिटांनी बायकोच्या, साकरबाईंच्या नावानं उभं केलेलं. तिथं चौकशी कर, नाहीतर तुझा नेहमीचा डॉक्टर आहेच. दोघांना एकाच दिवशी ने, एकाच पिंजऱ्यातून, म्हणजे परत आल्यावर फिस्कारणं नको. लशींचे डोस पुरे झालेत ना, तेही कार्डावर बघ.

घर बघताना भिडेखातर हो म्हणू नकोस. तुमच्या माटुंग्यात ओळखी पुष्कळ, आणि त्यातली बरीच घरं शाकाहारी. माणसं देवासारखी असतील, पण मांजराला दूधभातावर ठेवतील. मांजराला टॉरिन लागतं, ते मांस-मासळीतूनच मिळतं, आणि नाही मिळालं तर डोळे जातात, हृदय कमजोर होतं. घरात मासळी शिजायला नको, पण मांजरांचं तयार खाणं तरी आणाल का, असं सरळ विचार. खिडक्यांना बारीक जाळी आहे का ते स्वतः जाऊन बघ. आपल्याकडच्या ग्रिलमधून पाच महिन्यांचं पिल्लू सहज निसटतं. भाड्याचं घर असेल तर मालकाला माहीत आहे का? घरातल्या म्हाताऱ्यांना चालणार आहे का? फुलबाजारातून लिलीचा गुच्छ घरात आणायचा नाही, तिचे परागकण चाटले तरी मांजराची किडनी जाते. आणि ताप वाटला म्हणून क्रोसिन द्यायची नाही, एका गोळीत मांजर मरतं. एवढं ऐकून कुणी कंटाळला, तर ते घर आपलं नव्हे. वर्ल्ड फॉर ऑल ही संस्था मुंबईत दत्तक मेळे भरवते, त्यांच्याकडे नाव दे. दोघांचा फोटो एकत्रच काढ, वेगवेगळा काढलास की लोक निवडायला लागतात.

पोचवायला तू स्वतः जा. तुझी जुनी चादर न धुता बरोबर दे. पहिले काही दिवस एकाच खोलीत ठेवा म्हणावं, पलंगाखाली बसली तर ओढून काढू नका. दोघं एकमेकांच्या आधारानं आपोआप बाहेर येतील.

फार बोलले का? वहिनी सांगत होती, तू रात्री बाथरूममध्ये नळ सोडून रडतेस. वेडे, मग "जमलं एकदाचं" असं आईला कशाला सांगितलंस? नोकरी चांगली आहे, तू जायलाच हवंस. मांजरांपायी सोडलीस तर मीच पहिली भांडेन. बाटलीनं दूध पाजून जगवलंस त्यांना, परीक्षेच्या दिवसांत रात्री उठून उठून. तुझ्यात माया कमी आहे असं माझ्या मनातही आलेलं नाही.

घर मिळेपर्यंत दोघं माझ्याकडे राहतील. आमची चाळ पाडणार आहेत हे तुला ठाऊक आहे, मार्चमध्ये ही खोली सोडायची आहे, म्हणून कायमचं ठेवते असं म्हणवत नाही. पण मार्चपर्यंत वेळ आहे ना. गॅलरीला जाळी मारायला उद्याच माणूस बोलावलाय. ठाणे-मुलुंडच्या मंडळींना आज फोन करून सांग, आत्या ऐकत नाही म्हणावं, माझ्यावर ढकल.

रविवारी सकाळी टॅक्सी करून येते. पिंजरा तुझाच वापरू. तुझ्यासाठी चकलीची भाजणी आणतेय, बंगलोरला तळून खा, आणि रोज रात्री मला फोन कर, खारू-चिंगीचं विचारायला म्हणून का होईना. दादाला इन्हेलर वेळेवर घ्यायला सांग.

तुझी,
आत्या