आठवणींची पायवाट

जिवाभावाचे माणूस कायमचे निघून गेले, की आपण त्याच्यासाठी काय करतो? कोणी त्याच्या नावाने पाणपोई घालतो. कोणी शाळेला पुस्तके देतो. कोणी विहीर बांधतो. त्यामुळे दुःख संपत नाही. पण त्या दुःखातून कोणाचे तरी भले होते. जगात काही माणसे यासाठी निराळीच वाट धरतात. ती आपल्या माणसाच्या आठवणीत शेकडो मैल पायी चालतात. अशाच एका वाटेची ही हकीकत आहे.

अमेरिकेच्या पूर्व भागात ॲपलेचियन नावाची डोंगररांग आहे. तिच्यातून एक लांबच लांब पायवाट जाते. दक्षिणेला जॉर्जिया राज्यातील स्प्रिंगर डोंगरावर ती सुरू होते आणि उत्तरेला मेन राज्यातील काटाडिन शिखरावर संपते. वाटेत १४ राज्ये लागतात. तिची लांबी सुमारे २,१९० मैल, म्हणजे जवळजवळ ३,५०० किलोमीटर आहे. मुंबईहून रेल्वेने दिल्लीला जाऊन परत मुंबईला आलो, तरी एवढे अंतर होत नाही!

ही वाट तयार करावी, असे १९२१ साली बेंटन मॅक्काय यांनी सुचवले. १९३७ साली ती पूर्ण झाली. वाट चुकू नये म्हणून झाडांवर पांढऱ्या रंगाचे पट्टे काढलेले असतात. रात्रीच्या मुक्कामासाठी ठिकठिकाणी तीन भिंतींचे निवारे आहेत. त्यांची चौथी बाजू उघडी असते. या वाटेची देखभाल मुख्यतः स्वयंसेवक करतात.

अर्ल शेफर हा पेनसिल्व्हेनिया राज्यातील तरुण. वॉल्टर वाइनमिलर हा त्याचा जिवलग मित्र. दोघांनाही रानावनात भटकण्याचा नाद होता. ही सारी वाट एकदा मिळून चालायची, असा त्यांचा बेत होता. पण दुसरे महायुद्ध आले आणि दोघेही सैन्यात गेले. १९४५ साली इवो जिमा बेटावरील लढाईत वॉल्टर मारला गेला. अर्ल एकटा घरी परतला. युद्धाच्या आठवणी आणि मित्राचा वियोग त्याला चैन पडू देईनात.

शेवटी १९४८ च्या एप्रिल महिन्यात त्याने पाठीवर पिशवी घेतली आणि तो एकटाच निघाला. युद्धाच्या काळात वाटेकडे कोणी लक्ष दिले नव्हते. कित्येक ठिकाणी खुणा पुसल्या होत्या. तो वाट चुके, पुन्हा शोधून काढी आणि पुढे जाई. रोज सरासरी २६ किलोमीटर चालून १२४ दिवसांनी, ऑगस्ट महिन्यात, तो काटाडिन शिखरावर पोहोचला. ही संपूर्ण वाट एका दमात चालल्याची नोंद असलेला तो पहिला माणूस. आधी लोकांचा विश्वास बसेना. तेव्हा त्याने आपली रोजनिशी आणि छायाचित्रे दाखवली. पुढे १९९८ साली, वयाच्या ७९ व्या वर्षी, त्याने हीच वाट पुन्हा पूर्ण केली!

अर्लने कोणाकडूनही पैसे गोळा केले नव्हते. तो आपल्या मनाचे ओझे हलके करण्यासाठी चालला. पुढे लोकांनी या चालण्याला सेवेची जोड दिली. शॉन गोबिन नावाचा अमेरिकी सैनिक इराक आणि अफगाणिस्तान येथील युद्धांत लढला होता. २०१२ साली सैन्य सोडल्यावर तो आपला साथीदार मार्क सिल्व्हर्स याच्यासह याच वाटेने निघाला. युद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांना चालवता येतील अशा मोटारी मिळाव्यात, म्हणून त्यांनी चालता चालता निधी जमवला. एवढे दिवस चालल्याने आपल्याही मनाला आराम मिळाला, हे शॉनच्या ध्यानात आले. मग २०१३ साली त्याने इतर माजी सैनिकांना अशा पदयात्रेला पाठवण्याचे काम सुरू केले.

असा निधी जमतो कसा? चालणारा आधी आपल्या ओळखीच्या लोकांना सांगतो, “मी अमुक माणसाच्या आठवणीत, अमुक कामासाठी चालणार आहे. मी जितके मैल चालेन, त्या हिशेबाने तुम्ही मदत करा.” समजा, एकाने मैलामागे ५० पैसे देण्याचे कबूल केले. २,१९० मैलांचे १,०९५ रुपये झाले. अशी शंभर माणसे मिळाली, तर १,०९,५०० रुपये जमतील. ही रक्कम रुग्णालयाला, अनाथ मुलांना किंवा गरजू रुग्णांना देता येते.

तुम्ही म्हणाल, “पैसे तर घरी बसूनही देता येतात. मग एवढे चालायचे कशाला?” प्रश्न बरोबर आहे. पण विचार करा. चालणारा थकतो, पावसात भिजतो, पायाला फोड येतात, तरी थांबत नाही. ते पाहून ज्यांनी कधी मदत केली नसती, तेही खिशात हात घालतात. वाटेत भेटणारा प्रत्येक जण विचारतो, “तुम्ही कोणासाठी चालता?” मग गेलेल्या माणसाचे नाव पुन्हा घेतले जाते. त्याची गोष्ट नव्या माणसाला कळते. घरात ज्या दुःखाबद्दल बोलवत नाही, ते वाटेवर बोलता येते.

गेलेले माणूस परत येत नाही. अर्ल शिखरावर पोहोचला तेव्हाही वॉल्टर त्याच्याबरोबर नव्हता. पण दोघांनी मिळून केलेला बेत एकाने पुरा केला. आपल्या माणसावरचे प्रेम असे पावलापावलाने जपता येते आणि त्यातून दुसऱ्याचे दुःखही हलके करता येते.

स्वाध्याय

शब्दार्थ : जिवलग – अगदी जवळचा, बेत – ठरवलेली गोष्ट, वियोग – ताटातूट, निवारा – आसरा, निधी – चांगल्या कामासाठी जमवलेला पैसा, रोजनिशी – दररोजची हकीकत लिहिण्याची वही.

प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ॲपलेचियन पायवाट किती राज्यांतून जाते?
(आ) वाट चुकू नये म्हणून काय केलेले असते?
(इ) शॉन आणि मार्क यांनी कोणासाठी निधी जमवला?

प्रश्न २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) अर्ल शेफर एकटाच का निघाला?
(आ) अर्ल आणि शॉन यांच्या चालण्यात कोणता फरक होता?

प्रश्न ३. वाक्यात उपयोग करा : चैन न पडणे, ध्यानात येणे, ओझे हलके करणे.

प्रश्न ४. ‘हकीकत, मदत, आराम, कबूल, रक्कम’ हे शब्द उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी दोन शब्द शोधा.

उपक्रम : तुमच्या गावात कोणाच्या आठवणीत बांधलेली विहीर, पाणपोई किंवा वाचनालय आहे का? घरातील मोठ्या माणसांना विचारून त्याची माहिती पाच ओळींत मराठीत लिहा.