संधिगत वात आणि आहारपूरके : वेदनाशमन व धातुपोषण यांतील विवेक

प्रास्ताविक

गुडघेदुखीचा रुग्ण हल्ली वैद्याकडे येतो तेव्हा क्ष-किरण चित्राबरोबर ग्लुकोसामीनच्या गोळ्यांची डबीही बहुधा त्याच्या पिशवीत असते. "डॉक्टर, याने झीज भरून येते म्हणतात. घेऊ की थांबवू?" हा त्याचा प्रश्न वरवर साधा वाटतो. वस्तुतः त्यात दोन स्वतंत्र प्रश्न दडलेले आहेत. वेदना कमी होईल का, हा पहिला. आणि सांध्यातील धातूची झीज थांबेल वा भरून येईल का, हा दुसरा. या दोहोंची गल्लत झाली की रुग्णाचा पैसा आणि त्याहून मोलाचा काळ वाया जातो. सदर लेखात या दोन प्रश्नांचा पृथक् विचार करण्याचा हेतू आहे.

सांध्यातील विकृती

चरकाचार्यांनी वातव्याधिचिकित्सिताध्यायात संधिगत वाताचे वर्णन करताना वायूने भरलेल्या पखालीसारखा स्पर्श असणारी सूज आणि आकुंचन-प्रसारणाच्या वेळी होणारी वेदना ही लक्षणे दिली आहेत. अस्थी हे वाताचे आश्रयस्थान असून या जोडीत वृद्धी-क्षयाचा संबंध व्यस्त असतो, हा वाग्भटोक्त विचारही येथे महत्त्वाचा ठरतो. वात वाढला की अस्थिधातू क्षीण होतो आणि सांध्याचे स्नेहन करणारा श्लेषक कफही उणावतो.

आधुनिक शास्त्रानुसार हाडांच्या टोकांवरील कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिचा बराचसा भाग पाणी असून ते धरून ठेवण्याचे कार्य अ‍ॅग्रिकन हा मोठा रेणू करतो. कोलॅजनचे जाळे तिला बळकटी देते. सांध्यावर भार पडला व सुटला की संधिद्रवातील पोषक घटक कूर्चेत शिरतात. व्याधीत विघटन करणारी विकरे वाढतात. प्रथम अ‍ॅग्रिकन व पुढे कोलॅजन नष्ट होऊ लागते. कूर्चेतील पेशी संख्येने विरळ असल्याने ही हानी भरून काढण्याचे सामर्थ्य अल्प असते. शिवाय हा केवळ कूर्चेचा रोग नाही. खालचे हाड, संधिकला, स्नायुबंध व भोवतालचे स्नायू या सर्वांचा त्यात सहभाग असतो.

पूरकांमागील तर्क

ग्लुकोसामीन हा कूर्चेतील शर्करायुक्त घटकांचा कच्चा माल होय, तर कॉन्ड्रॉइटिन हा अ‍ॅग्रिकनचाच अंश होय. जे झिजले तेच पोटातून द्यावे, हा त्यामागील तर्क. आपल्याला तो परिचित वाटतो, कारण समान द्रव्याने समान धातू वाढतो हा सामान्य-विशेष सिद्धांत आपला मूलाधार आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात (अध्याय ६) अस्थीचे पोषण तरुणास्थीने होते, असे स्पष्ट म्हटले आहे. तेव्हा 'आमच्या ग्रंथांतलेच हे नव्या वेष्टनात आले' असे म्हणण्याचा मोह सहज होतो.

तथापि त्याच शास्त्राने अग्नीलाही तितकेच महत्त्व दिले आहे. खाल्लेले द्रव्य जाठराग्नी, धात्वग्नी आणि स्रोतसे या वाटेने गेल्याशिवाय धातुरूप होत नाही. आधुनिक निरीक्षणही याच दिशेचे आहे. नेहमीच्या मात्रेनंतर रक्तात आढळणारे ग्लुकोसामीन, प्रयोगशाळेत कूर्चेवर परिणाम दाखवण्यासाठी बहुधा वापरल्या गेलेल्या प्रमाणाच्या मानाने फारच अल्प असते.

संशोधनाचा कौल

२००१ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २१२ रुग्णांना ३ वर्षे रोज १५०० मि.ग्रॅ. ग्लुकोसामीन सल्फेट किंवा निष्क्रिय गोळी देण्यात आली. निष्क्रिय गोळी घेणाऱ्या गटात सांध्यातील अवकाश सरासरी ०.३१ मि.मी.ने, तर औषधाच्या गटात ०.०६ मि.मी.ने घटला. यातून मोठी आशा निर्माण झाली. मात्र उभे राहून गुडघा पूर्ण सरळ करून घेतलेल्या चित्रात, वेदनेमुळे गुडघा किंचित वाकलेला राहिला तर मोजमाप बदलू शकते, ही शंका पुढे उपस्थित झाली.

२००६ साली अमेरिकेत १५८३ रुग्णांवरील 'गेट' चाचणीचे निष्कर्ष आले. त्यात ग्लुकोसामीन हायड्रोक्लोराइड व कॉन्ड्रॉइटिन, स्वतंत्रपणे वा एकत्र, एकंदर रुग्णगटात निष्क्रिय गोळीहून लक्षणीय सरस ठरले नाहीत. मध्यम ते तीव्र वेदनेच्या छोट्या उपगटात एकत्रित उपचार उपयुक्त दिसला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच चाचणीच्या दोन वर्षांच्या क्ष-किरण अभ्यासात अवकाशाच्या घटीवर लक्षणीय परिणाम आढळला नाही. २०१९ च्या अमेरिकी संधिवाततज्ज्ञांच्या मार्गदर्शिकेने गुडघ्याच्या व्याधीत ही दोन्ही पूरके न वापरण्याची ठाम शिफारस केली. युरोपातील एका तज्ज्ञसंस्थेने मात्र त्याच वर्षी औषधी दर्जाच्या ग्लुकोसामीन सल्फेटला स्थान दिले. म्हणजे मतभेद आहेत. पण झीज भरून येते असा निर्वाळा कोणीही दिलेला नाही.

'गेट' चाचणीतील एक आकडा वैद्यांनी विशेष लक्षात ठेवावा. निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकी सुमारे ६० टक्के रुग्णांची वेदना ठरवलेल्या निकषानुसार कमी झाली. यास्तव 'माझ्या रुग्णाला बरे वाटले' एवढ्यावरून कोणत्याही कल्पाचे, आपल्याही कल्पाचे, गुण सिद्ध होत नाहीत.

आपल्या द्रव्यांची परीक्षा

हाच निकष आपल्या द्रव्यांनाही लावला पाहिजे. २००३ साली नागपूर येथील अभ्यासात ३० रुग्णांना शल्लकीचा अर्क देण्यात आला. वेदना घटली, गुडघ्याचे आकुंचन व चालण्याचे अंतर वाढले. परंतु क्ष-किरण चित्रात बदल आढळला नाही. थायलंडमध्ये २०१४ साली ३६७ रुग्णांत हळदीचा अर्क ४ आठवड्यांत वेदनेच्या बाबतीत आयबुप्रोफेनच्या तोडीचा ठरला.

पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा व सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या ४४० रुग्णांच्या बहुकेंद्री चाचणीत शुंठी, गुडूची, आमलकी व शल्लकी यांच्या अर्कांचे कल्प २४ आठवड्यांत ग्लुकोसामीन व सेलेकॉक्सिब यांच्या बरोबरीचे आढळले. ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु या चाचणीत निष्क्रिय गोळीचा गट नव्हता, तसेच आयुर्वेदीय कल्प घेणाऱ्या ७ रुग्णांत यकृताशी संबंधित एसजीपीटी वाढल्याने त्यांचे औषध थांबवावे लागले व नंतर ते पूर्ववत झाले, हेही त्याच अभिमानाने सांगितले पाहिजे.

व्यवहारातील सूचना

१. आमवात व वातरक्त यांचा व्यवच्छेद प्रथम करावा.

२. रुग्ण ग्लुकोसामीन घेत असल्यास चालण्याचे अंतर, जिन्याच्या पायऱ्या व रात्रीची वेदना यांची नोंद करून तीन महिन्यांनी फेरविचार करावा. लाभ नसल्यास थांबवण्यास सांगावे. ग्लुकोसामीन बहुधा कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून आणि कॉन्ड्रॉइटिन प्राण्यांच्या कूर्चेपासून काढतात. शाकाहारी रुग्णास याची कल्पना द्यावी. कवचयुक्त जलचरांची अ‍ॅलर्जी आणि वॉरफॅरिनचा वापर यांची चौकशी अवश्य करावी.

३. स्वयंपाकातील हळद आणि तिचा संहत अर्क एक नव्हेत. दीर्घकाळ अर्क देताना यकृताची तपासणी करावी.

४. अस्थ्याश्रित व्याधीत चरकाचार्यांनी पंचकर्म, विशेषतः बस्ती, आणि तिक्तद्रव्यसिद्ध क्षीर-घृत सांगितले आहे. ही चिकित्सा देतानाही वरील नोंदी ठेवाव्यात.

५. स्थूल रुग्णाचे १ किलो वजन घटले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे ४ किलोने कमी होतो. मांडीच्या स्नायूंचा व्यायाम नित्य सांगावा.

अखेरच्या सूचनेमागे प्रस्तुत लेखकाचा एक सल आहे. काही वर्षांपूर्वी एका निवृत्त शिक्षिकेस 'औषधाने झीज भरून येईल' असे मीच सांगितले होते. झीज भरेपर्यंत सांधा जपावा म्हणून त्यांनी फिरणे सोडले. दोन वर्षांनी मांडीचे स्नायू कृश झाले आणि घराचा जिनाही चढवेना. पुढे स्नेहन-स्वेदनासह चार महिने व्यायाम करून घेतल्यावर त्या पुन्हा देवळाच्या पायऱ्या चढू लागल्या. क्ष-किरण चित्र मात्र होते तसेच राहिले. माझ्या एका वाक्याने त्यांची दोन वर्षे गेली होती.

उपसंहार

आहारपूरके काहींच्या वेदनेस उतार देऊ शकतील. कूर्चा पुन्हा घडवतात, असे म्हणण्याइतका आधार आज नाही. हीच गोष्ट आपल्या कल्पांनाही लागू आहे. तेव्हा रुग्णास सांगावे, "वेदना कमी करण्याचा प्रयत्न करू, हालचाल टिकवू, वजन आवरू; झीज भरून येईल असे वचन मी देत नाही." असे बोलल्याने रुग्ण दुरावतो ही भीती अनाठायी आहे. खरे काय ते कळलेला रुग्णच पथ्य पाळतो आणि व्यायामही करतो.