स्क्रॅचच्या पाठात जोडसंचाचे स्मरण

शहापूर व मुरबाड तालुक्यांतील ज्या शाळांत संगणकावर स्क्रॅच शिकविले जाते, तेथील शिक्षकबंधुभगिनींसाठी हे टिपण आहे.

काल चौकोन रेखाटणारे मूल आज नवा प्रकल्प उघडते आणि त्यास ‘पेन’चे ठोकळे दिसत नाहीत. ‘माझेच काही बिघडले’ असे मानून ते माघार घेते. कारण मात्र साधे आहे. जानेवारी २०१९ मध्ये आलेल्या स्क्रॅच ३.० पासून ‘पेन’ हे एक्स्टेन्शन, म्हणजे जोडसंच, झाले. जोडलेला संच त्या प्रकल्पाबरोबर जतन होतो. नव्या प्रकल्पात तो पुन्हा जोडावा लागतो. विळा घरात असला तरी शेतावर नेल्यावाचून भात कापता येत नाही, हा दाखला मुलांस चटकन पटेल.

पाठाचा क्रम असा ठेवावा :

१. नवा प्रकल्प उघडून ‘पेन’चे ठोकळे शोधावयास लावावे. उणीव मुलांनीच ओळखावी.

२. डावीकडे तळाशी असलेले एक्स्टेन्शनचे बटण एका मुलाने दाबावे. इतरांनी निरीक्षण करावे.

३. कालचा प्रकल्प उघडून दोहोंतील फरक विचारावा.

४. पुढे प्रत्येक पाठाच्या आरंभी विचारावे, “आज कोणती अवजारे लागतील?” प्रथम उत्तर फळ्यावर लिहावे, काही दिवसांनी केवळ प्रश्न ठेवावा.

संगणकावर उतरवून घेतलेल्या स्क्रॅचमध्ये ‘पेन’ला इंटरनेट लागत नाही, ‘टेक्स्ट टू स्पीच’ला लागते, हे ध्यानी घेऊन पाठ निवडावा.

हीच सवय पुढे पायथनमध्ये ‘इम्पोर्ट’ लिहिताना उपयोगी पडेल. ठोकळे न दिसल्यास “काय जोडावयाचे राहिले?” असे मूल स्वतःस विचारू लागले, की पाठ साधला असे समजावे.