शील हे सरावाने घडते

‘कळते पण वळत नाही’ असे आपण नेहमी म्हणतो. खोटे बोलू नये, चोरी करू नये, दारू पिऊ नये, हे कोणाला ठाऊक नाही? तरीही घरात, कचेरीत आणि परीक्षेच्या वर्गात आपण काय पाहतो? तेव्हा अडचण कळण्याची नसून वळण्याची आहे. माणसाच्या वागण्याला लागलेले चांगले व कायमचे वळण म्हणजेच शील होय.

पंचशील हा अभ्यास आहे

वंदनेत पंचशील म्हणताना प्रत्येक शीलात ‘सिक्खापदं’ आणि ‘समादियामि’ हे पाली शब्द येतात. पहिल्याचा अर्थ शिकण्याचा नियम आणि दुसऱ्याचा अर्थ मी स्वतः होऊन स्वीकारतो. म्हणजे ही कोणी लादलेली आज्ञा नाही, हा आपण पत्करलेला अभ्यास आहे. अभ्यास म्हटला की सराव आलाच. पुस्तक वाचून कोणाला पोहता येत नाही.

ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल (इ. स. पूर्व ३८४ ते ३२२) यानेही हेच सांगितले. घरे बांधता बांधता माणूस गवंडी होतो, तसाच न्यायाने वागता वागता तो न्यायी होतो. भित्रेपणा आणि अविचारी साहस या दोन टोकांच्या मधे धैर्य असते आणि ते मधले स्थान सवयीनेच साधते, असे त्याचे म्हणणे होते.

राहुलला दिलेला धडा

राजगृहाजवळ अंबलट्ठिका येथे तथागतांनी राहुलला केलेला उपदेश मज्झिम निकायात आहे. भांड्यात उरलेले थोडेसे पाणी दाखवून त्यांनी सांगितले की, जाणूनबुजून खोटे बोलण्याची ज्याला लाज नाही, त्याचे श्रामण्य इतकेच थोडे असते. नंतर त्यांनी विचारले, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी. तसेच प्रत्येक कर्म करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर पाहावे की, याने मला किंवा दुसऱ्याला पीडा होते का?

बँकेत हा धडा रोज दिसतो. सायंकाळी रोकड आणि हिशेब यांचा मेळ बसल्याशिवाय कॅशियर उठत नाही. फरक एका रुपयाचा असला तरी तो त्याच दिवशी शोधतात, कारण आज सोडून दिलेला रुपया उद्या सापडणे कठीण. आपल्या वागण्याचा मेळही असाच रोजच्या रोज बसवावा लागतो.

आपल्या मातीतील शिकवण

पोहरादेवी येथे संत सेवालाल महाराजांची समाधी आहे. रामनवमीला दूरदूरच्या प्रांतांतून बंजारा बांधव येथे येतात. महाराजांचा जन्म १५ फेब्रुवारी १७३९ रोजी झाला असे मानतात. बैलांवर धान्य व मीठ लादून मुलुखभर फिरणाऱ्या समाजाला त्यांनी सत्याची व निर्व्यसनी जीवनाची शिकवण दिली. फिरत्या व्यापाऱ्याची पत त्याच्या शब्दावरच असणार! आधी जाणा, मग पारखा आणि मगच माना, असा त्यांच्या उपदेशाचा आशय सांगितला जातो. तथागतांनीही कालामांना ऐकीव गोष्टींवर विसंबू नका, स्वतः पारखा, असेच सांगितले होते. समाज वेगळे, काळ वेगळे, पण कसोटी एकच.

विद्येला शीलाची जोड

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५४ साली मुंबईच्या भाषणात बुद्ध, कबीर व फुले हे आपले तीन गुरू आणि विद्या, स्वाभिमान व शील ही आपली तीन उपास्य दैवते असल्याचे सांगितले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे दिलेल्या २२ प्रतिज्ञांतही चोरी, खोटे बोलणे व दारू यांपासून दूर राहण्याच्या प्रतिज्ञा आहेत.

विद्यार्थी मित्रांनो, परीक्षेत कॉपी करणारा केवळ गुण चोरत नाही, तो फसवणुकीचा सराव करतो. उद्या त्याच हाताला सहीचा अधिकार मिळाला, तर तो हात गरिबाच्या अर्जावर काय करील? विद्येने अधिकार मिळतो, तो कोणासाठी वापरायचा हे शील ठरवते.

म्हणून आरंभ लहान गोष्टींपासून करावा. दुकानदाराने चुकून जास्त दिलेले पैसे परत करावेत. दिलेली वेळ पाळावी. मित्राने पेला पुढे केला तर ‘नाही’ म्हणावे आणि दुसऱ्या वेळीही ‘नाही’च म्हणावे. झोपण्यापूर्वी दिवसभराच्या वागण्याकडे एकदा पाहावे. कोणी पाहत नसताना जे वळण टिकते, तेच आपले शील.

भवतु सब्ब मंगलं!