मेंदूची सूज आणि स्टेरॉइडचा आग्रह

डोक्याला जबर मार लागलेला रुग्ण आयसीयूत असतो. सीटी स्कॅनमध्ये सूज दिसते आणि नातेवाईक कळवळून विचारतात, "डॉक्टर, सूज उतरायला स्टेरॉइड का देत नाही?" एके काळी ते सर्रास दिलं जाई. मग २००४ साली 'क्रॅश' या आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष आले. दहा हजारांवर रुग्ण होते. स्टेरॉइड मिळालेल्यांपैकी २१.१ टक्के दोन आठवड्यांत दगावले, न मिळालेल्यांपैकी १७.९ टक्के. तेव्हापासून डोक्याच्या मारासाठी ते देत नाहीत.

सूज म्हणजे निव्वळ शत्रू, हा समजच अपुरा आहे. मार बसताच मेंदूतल्या मायक्रोग्लिया नावाच्या पेशी जाग्या होतात आणि इंटरल्यूकिन-१, टीएनएफ अशी संदेशद्रव्यं सोडतात. त्यांनी रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल पडतात, पाणी झिरपतं, कवटीतला दाब वाढतो. नुकसान खरंच होतं. पण मेलेल्या पेशींचा कचरा उचलणं आणि डागडुजी सुरू करणं, हेही याच यंत्रणेचं काम. टीएनएफ नसलेल्या उंदरांवरच्या प्रयोगात हे स्पष्ट दिसलं: मार बसल्यावर सुरुवातीला ते इतरांपेक्षा बरे होते, काही आठवड्यांनी मात्र मागे पडले. म्हणून सरसकट सगळं दाबून टाकणं मला धोक्याचं वाटतं.

मेंदूतल्या गाठीभोवतीची सूज किंवा क्षयाचा मेंदूज्वर असेल तर स्टेरॉइड उपयोगीच आहे. तिथे भीतीपोटी ते स्वतःहून बंद करू नका.

नातेवाइकांनी दोन गोष्टी जपाव्यात. ताप आला तर लगेच नर्सना सांगा. तापाने दुखावलेल्या मेंदूवरचा ताण वाढतो. दुसरी त्याहून महत्त्वाची. मोठ्या इजेनंतर किंवा पक्षाघातानंतर काही दिवस शरीराची प्रतिकारशक्ती खालावते, गिळणंही बिघडलेलं असतं. अशा वेळी प्रेमापोटी ओठांशी लावलेलं चमचाभर तीर्थ श्वासनलिकेत उतरतं आणि न्यूमोनिया होतो. डॉक्टरांनी गिळणं तपासून परवानगी देईपर्यंत तोंडाने काहीही, अगदी पाणीसुद्धा, देऊ नका. प्रतिकारशक्ती वाढवणारी चूर्णं नाकातल्या नळीतून देण्याचाही हट्ट धरू नका.

आणि मार किरकोळ वाटून घरी थांबला असाल, तरी वारंवार उलट्या, वाढती गुंगी, झटके, हातापायात कमजोरी किंवा नाका-कानातून पाणी-रक्त दिसलं, तर सकाळची वाट न पाहता सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय गाठा.