कोळशांचा विस्तव
(पाठ : योहान 21:1–17)

नेसरीच्या शिवारात रताळी भाजावयाची असता जाणता शेतकरी ती ज्वाळेत टाकीत नाही. ज्वाळेने साल करपते व गाभा कच्चाच राहतो. तो गोवऱ्या जळू देतो, जाळ बसला म्हणजे रताळी फुफाट्यात पुरतो, आणि थांबतो. घाईचे पोर मात्र घडोघडी उकरून पाहते!

तिबिर्याच्या समुद्रतीरी शिष्यांनी पाहिला तोही निखाऱ्यांचाच विस्तव होता. त्यावर मासळी होती, भाकर होती. निखारे पडण्यास वेळ लागतो. तेव्हा नाव किनाऱ्यास लागण्यापूर्वी बराच वेळ प्रभू त्या विस्तवापाशी बसला असावा, असे आम्हांस वाटते.

मूळ ग्रीक भाषेत या विस्तवास 'अंथ्राकिया' असा शब्द आहे. नव्या करारात तो दोनच ठिकाणी येतो : येथे, व योहान 18:18 यात. त्या दुसऱ्या विस्तवापाशी, महायाजकाच्या अंगणात, शेकत असता पेत्राने प्रभूला नाकारिले होते. कोळशांचा तोच वास पुन्हा आला तेव्हा त्याच्या मनाचे काय झाले असेल? परंतु प्रभूने प्रथम न्याहारीस बोलाविले. प्रीतीविषयीचे तीन प्रश्न जेवण आटोपल्यावर आले.

भाऊबंदांच्या भयाने कोणी विश्वास लपविला, व पुढे लाजेने उपासनेस येईनासा झाला, तर आपण त्याला आधी पंचांपुढे उभे करितो. आम्हीही असे केले आहे. या आठवड्यात अशा एकाच्या शेतावर जावे, पीठ व मीठ बरोबर न्यावे, आणि तीन दगड मांडून तेथेच भाकरी भाजावी. गोवऱ्या सुक्या पाहून घ्याव्या. ओल्या गोवऱ्यांचा धूर फार होतो.